सम्यकचं पोलादी चाक

१

विकी टपकेच्या शर्यतीच्या गो-कार्टवरचं पत्र्याचं झाकण उघडलं आणि आतून मेलेल्या माणसाचं चाक निघालं.

शर्यत संपली होती. विकी दुसरा आला होता आणि पहिल्या तिघांची इंजिनं उघडून तपासायची तिथली रीतच होती. टीमचा मालक राजेश ठोसर हातात गार पाण्याची बाटली घेऊन सहज वाकला आणि तसाच दोन पावलं मागे सरला. आतलं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, पोलादाचं होतं, कडेला छिन्नीने ‘स’ कोरलेला. असं चाक अख्ख्या मुंबईत एकच होतं. साकीनाक्याच्या धोंडिराम साळवेंनी आपल्या लेथवर ते स्वतःच्या हाताने पोरासाठी उतरवलं होतं. तो पोरगा, सम्यक, दिवाळीच्या तोंडावर गेला. गाळ्यात टेबलावर इंजिन चालवून बघताना फ्लायव्हील फुटलं आणि त्याचा तुकडा त्याच्या छातीत बसला.

ते चाक इथे धडधाकट होतं. मग तिथे फुटलं ते कुठलं?

विकीने कोणाशी वाद घातला नाही. हातमोजे काढून कार्टवर ठेवले आणि तो मैदानातून चालत बाहेर गेला.

चार माणसांच्या तोंडून गोष्ट फिरली आणि फिरता फिरता तिला धार आली. विकीने मित्राचं चाक चोरलं, जागी जुनं बिडाचं, ठिसूळ ओतीव लोखंडाचं बसवून ठेवलं, सम्यकला पत्ताच नाही, त्याने नेहमीसारखं इंजिन पळवलं आणि तो मेला. राजेशने वकिलाकडून तक्रार लिहून घेतली. सही तेवढी धोंडिरामांची हवी होती.

“पण पप्पा सही करत नाहीयेत,” ऋतिका म्हणाली. “कागद समोर ठेवला की म्हणतात, उद्या.”

ऋतिका म्हणजे सम्यकची धाकटी बहीण. घाटकोपरला एका विमा कंपनीच्या ऑफिसात कामाला होती, आणि समोर बसलेल्या माधुरी परुळेकर त्याच ऑफिससाठी वर्षानुवर्षं मोडक्या यंत्रांचे अहवाल लिहीत आल्या होत्या. फुटलेले बॉयलर, तुटलेल्या लिफ्ट, चेपलेल्या गाड्या. त्यांचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, मूळचे मालवणकडचे. ते म्हणत, लोखंड खोटा बोलणा नाय. माधुरीबाईंचा सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा होता, मात्र त्यापायी त्यांची झोप कमी झाली होती. खरं सांगणाऱ्या लोखंडाशेजारी बहुतेक वेळा कोणीतरी मेलेलं असायचं.

“तुला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

“मला वाटून काय उपयोग, मॅडम? विकी आमच्या घरी जेवायचा. दादाच्या ताटात.” ऋतिकाने पर्समधून रुमालाची एक पुरचुंडी काढली. “हॉस्पिटलमधून दादाच्या वस्तू दिल्या त्यात हे होतं. डॉक्टर म्हणाले, मुठीत होतं, बोटं उघडता उघडत नव्हती. पप्पांना दाखवलं नाही. त्याची कुठलीच वस्तू त्यांना बघवत नाही.”

रुमालात काळ्या रबराची एक टोपी होती, तुटक्या वायरसकट. इंजिनाच्या स्पार्क प्लगवर बसते ती, ओढून काढली की इंजिन बंद पडतं.

माधुरीबाईंनी टोपी उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाल्या, “ते इंजिन अजून आहे?”

“गाळ्यातच आहे. पोलिसांनी परत दिलं. पप्पा रोज दुपारी त्याच्यासमोर जाऊन बसतात.” ऋतिकाचा आवाज खाली आला. “म्हणतात, ते आपोआप चालू होतं.”

२

धोंडिराम साळवेंचा गाळा साकीनाक्याच्या एका आतल्या लेनमध्ये होता. एका बाजूला पत्र्यांना रंग चढवणारा पावडर कोटिंगवाला, दुसऱ्या बाजूला खोके बनवणारा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली सम्यकचा, हेल्मेट काखेत धरून हसणारा. लेथवर कापड घातलेलं होतं आणि कापडावर धूळ होती.

“बसा ताई,” धोंडिराम म्हणाले. जालन्याकडचे, साठीला आलेले, हात मोठे आणि आवाज अगदी लहान. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या त्यांनी मनगटापर्यंत बटण लावून बंद केल्या होत्या. गाळ्यात उकाडा मावत नव्हता.

इंजिन लोखंडी टेबलावर होतं. मुळात शेतावरच्या पंपाचं, रॉकेलवर चालणारं. फ्लॅटहेड म्हणतात त्या जातीचं, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बगलेला आणि वर नुसतं सपाट झाकण. अशी इंजिनं आता भंगारात किलोवर मिळतात. सम्यकने ते उचलून आणलं, वरचं झाकण घासून पातळ केलं, आत हवा यायच्या वाटा कोरून मोठ्या केल्या, स्प्रिंगा कडक घातल्या. वेग बेताबाहेर जाऊ न देणारा गव्हर्नर असतो, त्याची बाहेरची तार काढून टाकली. लगाम काढलेला घोडा. त्या वेगाला बिडाचं मूळ चाक टिकत नाही, म्हणून बापाने पोलादाचं करून दिलं.

माधुरीबाईंनी फुटक्या चाकाचे तुकडे हातात घेतले. तुटलेली कड करडी, साखरेसारखी दाणेदार. बीडच. त्यात शंका नव्हती. मग त्या कार्बोरेटरच्या बाजूला गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिथेच थबकल्या.

गव्हर्नरची तार जागेवर होती.

जुनी नव्हती ती. सायकलच्या स्पोकपासून कोणीतरी नेटकी वाकवून बनवली होती, दोन्ही टोकांना सारखी वळणं दिलेली. आणि मधोमध ती धनुष्यासारखी वाकली होती. टेबलावर मधोमध एक उभी जाळी होती, त्यामुळे कार्बोरेटर या बाजूला आणि प्लग त्या बाजूला. माधुरीबाईंनी एक हात इकडे ठेवला, दुसरा पलीकडे नेऊन बघितला. पोचला नाही. पलीकडे जायचं तर चाकासमोरूनच जावं लागत होतं.

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

“त्या दिवशी तुम्ही कुठे होता, साळवेभाऊ?”

“नाक्यावर चहाला. माणसं पळत आली तेव्हा कळलं.” हे वाक्य त्यांनी पुष्कळदा म्हटलेलं असावं. त्याचे कोपरे झिजले होते.

“आणि हा जो आवाज येतो म्हणता…”

ऋतिकाने मान फिरवली. धोंडिराम मात्र पहिल्यांदाच माधुरीबाईंकडे सरळ बघू लागले. इतके महिने कोणी तरी हे विचारावं म्हणून ते थांबले होते जणू.

“जेवणाच्या सुट्टीला येतो. लेनमधली मशिनं बंद पडली की. आधी हळू असतो, पोटातल्या पोटात. मग चढतो. चढतच जातो, ताई, दात शिवशिवतात. मग एकदम गप्प. प्लगची टोपी ओढल्यावर होतं ना, तसं गप्प. नुसतं चाक फिरल्याचं सूं सूं. आणि मग…” त्यांनी तळहात टेबलावर ठेवला आणि उचलला नाही.

तेवढ्यात शेजारचा ग्राइंडर थांबला. मागून खोकेवाल्याचा पट्टा थांबला. लेन हळूहळू शांत होत गेली. धोंडिरामांनी डोळे मिटले आणि कान इंजिनाकडे केला.

तिघं बसून राहिली. ऋतिकाला काही ऐकू आलं नाही. माधुरीबाईंनाही नाही. पण बापाच्या चेहऱ्याची एकेक नस चढत गेलेली त्यांनी बघितली, आणि एका क्षणी ती सगळी एकदम सैल पडली.

“थांबलं,” ते म्हणाले.

३

विकी वर्सोव्याला घरीच सापडला. वाड्यात बोंबील वाळत घातले होते आणि तो काकाच्या होडीचं इंजिन खोलून बसला होता. माधुरीबाईंना बघून त्याने हात पुसले, पण उठला नाही.

“पोलीस काय?”

“नाही. मी मोडकी यंत्रं बघते.”

“मग इथे बसा. इथे सगळं मोडकंच आहे.”

त्याची आई आतून पाणी घेऊन आली, पोराकडे बघितलं आणि परत गेली.

“चाक तू घेतलंस?”

“त्याने दिलं.” विकी मान खाली घालून बोलत होता. “माझ्या चाकाला चीर गेली होती. केसाएवढी. मी म्हटलं, एका शर्यतीपुरतं चालेल यार. त्याने माझ्या हातातून ओढून घेतलं, हातोड्याने दोन तुकडे केले आणि खाडीत टाकलं. म्हणाला, मरायचंय काय तुला? माझं घेऊन जा. मी तोवर जुनं बिडाचं लावतो.”

“वडिलांना का सांगितलं नाही त्याने?”

“साळवेकाकांनी महिनाभर खपून बनवलं होतं ना ते. रात्रंदिवस तेच. सम्या म्हणाला, दुसऱ्याला दिलं कळलं तर म्हाताऱ्याचं मन मोडेल. शर्यत झाली की गुपचूप परत लावू.” त्याने पाना उचलून पुन्हा खाली ठेवला. “दोन दिवसांनी तो गेला. चाक परत द्यायला कुठल्या तोंडाने जाऊ? काय सांगू, की हे घ्या, हे मला दिलं म्हणून तो मेला?”

“पण शर्यतीत लावलंस.”

“लावलं.” विकीचे डोळे भरले, आणि त्याला त्याचाच राग आला. “कपाटात ठेवलं होतं. झोप येईना. वाटायचं, त्याने पळवायला दिलं होतं, पुरायला नाही. पकडलं जाणार हे काय मला माहीत नव्हतं? पकडलं जावं असंच वाटत होतं.”

माधुरीबाईंनी विचारलं, “बिडाच्या चाकावर तो इंजिन पूर्ण वेगात पळवेल?”

“सम्या? कधीच नाही. माझं चाक फोडलं त्याने, मॅडम. तो स्वतः कशाला पळवेल?”

“मग तो काय करेल?”

विकीने खोललेल्या इंजिनाकडे बघितलं. “आधी गव्हर्नर जोडेल,” तो म्हणाला.

ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नव्हती. पोलिसांच्या पंचनाम्यात तर उलटच लिहिलं होतं, की गव्हर्नर काढलेलं इंजिन. माधुरीबाई उठल्या. चोर काही मालकाच्या जिवासाठी नवी तार वाकवून बसवत नाही. पोरगा खरं बोलत होता. पण तो खरा असेल, तर दुसरं कोणीतरी खोटं बोलत होतं.

४

राजेश ठोसर मुलुंडला राहायचा. टाइल्सचं दुकान बापाचं, शर्यतींचा नाद स्वतःचा. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला थांबता येत नव्हतं.

“सरळ केस आहे, मॅडम. विकीने चाक ढापलं, त्यात सम्यक गेला. म्हातारा हळवा आहे, म्हणून सही अडली आहे.”

“सम्यक गेला तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“मी? इथे, दुकानात. बिलं बघत होतो.” त्याला प्रश्न लागला होता. “मला त्याचं वाईट वाटलं नसेल असं वाटतं तुम्हाला? मी त्याला पुढच्या सीझनला गाडी देणार होतो. फक्त इंजिन वरच्या वेगाला ओढतं का ते बघायचं होतं. तो दोन दिवस टाळत होता, म्हणे थोडं काम बाकी आहे. शेवटी मी त्या दुपारी काकांनाच फोन केला. म्हटलं, काका, जमत नसेल तर सांगा, मी दुसऱ्याकडे बघतो.”

“काय म्हणाले ते?”

“काय माहीत. ‘ऐका’ म्हणाले एवढं कळलं. पुढे मागून इतका आवाज की काही ऐकू येईना. मग कट झाला. साकीनाक्याला फोन लावणं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. परत लावला, उचलला नाही. संध्याकाळी बातमी कळली.”

माधुरीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“त्या आवाजात हॉर्न होते? रिक्षा? माणसं, कपबश्या?”

“नाही,” राजेश म्हणाला. “घुमल्यासारखा होता. एकच. चढत गेला आणि…”

त्याने टेबलावरच्या मोबाईलकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

“मॅडम,” तो फार हळू म्हणाला, “मी काय ऐकलं?”

५

माधुरीबाई गाळ्यात आल्या तेव्हा धोंडिराम एकटेच होते. ऋतिकाला त्यांनी जरा उशिरा यायला सांगितलं होतं. हे असलं बोलणं आधी एकट्याशी करायचं असतं, असं त्यांचं मत होतं.

“साळवेभाऊ, मला लोखंडाने जे सांगितलं ते सांगते. चुकलं तर थांबवा.”

ते थांबवणार नव्हते हे दोघांनाही कळलं.

“पोलादी चाक सम्यकने विकीला दिलं, विकीचा जीव वाचावा म्हणून. स्वतःच्या इंजिनाला जुनं चाक लावलं आणि ते फुटू नये म्हणून गव्हर्नर परत जोडला. म्हणजे त्याला धोका माहीत होता. तो ते इंजिन पळवणार नव्हता. तरी ते पळालं. ही तार बघा, कशी वाकली आहे. गव्हर्नर वेग खाली ढकलत होता आणि कोणीतरी कार्बोरेटरवरचा वेगाचा लिव्हर हाताने ओढून धरला होता. दोघांच्या मध्ये सापडून ती वाकली.”

धोंडिरामांनी तारेकडे बघितलं नाही.

“पोलीस म्हणाले, सम्यकने स्वतः ओढला. पण त्याच्या मुठीत प्लगची टोपी होती, वायर तुटलेली. तो इंजिन बंद करत होता. लिव्हर इथे, प्लग तिथे. एका माणसाचे हात तेवढे पोचत नाहीत. त्या वेळी गाळ्यात दोन माणसं होती. लिव्हरजवळच्याला काही झालं नाही, कारण चाक फुटलं की तुकडे चिखलासारखे चाकाच्या रेषेत उडतात, आसाच्या बाजूला नाही. ज्याला लागलं, तो चाकासमोरून टोपी काढायला धावला होता.”

बाहेर खोकेवाल्याचा पट्टा खडखडत होता.

“टोपीचं ऋतिकाने तुम्हाला सांगितलेलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही. पण तुम्ही सांगता त्या आवाजात ती आहे, भाऊ. आधी इंजिन गप्प होतं आणि मग चाक फुटतं. नाक्यावर चहा पिणाऱ्याला हा क्रम कळत नाही. आणि राजेशच्या फोनमध्ये चहाचं दुकान नव्हतं.”

धोंडिरामांनी उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सारली. मनगटाच्या आतल्या बाजूला एक आडवा, चकाकणारा चट्टा होता. लिव्हरच्या शेजारूनच धुराचा नळ जात होता. तापलेल्या नळाला हात लागला होता आणि तरी तो मागे आला नव्हता.

“राजेश म्हणाला, दुसऱ्याकडे बघतो,” धोंडिराम म्हणाले. “इंजिन चालूच होतं, हळू. मी म्हटलं, ऐका. एका हातात फोन धरला, एका हाताने ओढलं. तार लागली मध्ये. कडक लागली. मला वाटलं, पोरगा घाबरला. बापाने केलेल्या चाकावर विश्वास नाही म्हणून तार जोडून ठेवली. मी अजून ओढलं.” त्यांनी चट्ट्यावर अंगठा ठेवला. “तो ओरडत होता, ताई. तोंड हलताना दिसत होतं. मी हसलो त्याच्याकडे. मला वाटलं, खूश झाला.”

अहवालात अशा जागी माधुरीबाई ‘कारण निश्चित’ असं लिहीत.

“चाकावर पत्रा असतो, तुकडे बघितल्यावर कळलं की चाक माझं नव्हतं. कुणी बदललं ते कळेना. मग विकीकडे सापडलं. सगळे म्हणाले, त्याने मारलं. एक घटकाभर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, जाऊ दे त्याच्या अंगावर. पण पेन हातात धरवेना. तो पोरगा माझ्या घरचं जेवलाय.”

“म्हणून उद्या, उद्या.”

“हो.” ते उठले. खांद्यांवरचं काही उतरलं नव्हतं, पण ते ताठ उभे राहिले. “ऋतिकाला मी सांगतो. तुम्ही सांगू नका.”

ऋतिका दारात उभी होती. किती वेळ उभी होती ते तिलाच ठाऊक. ती पायऱ्या उतरली आणि लेनच्या टोकापर्यंत चालत गेली. माधुरीबाई मागोमाग गेल्या नाहीत. बाप गाळ्याच्या उंबऱ्याशी येऊन थांबला आणि पोरीच्या पाठीकडे बघत राहिला. तिला परत बोलवायचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

ती परत आली तेव्हा एका रिक्षाचा दांडा धरून चालत होती, रिक्षावाला हळूहळू शेजारून चालवत होता.

“बसा,” ती बापाला म्हणाली. “शटर मॅडम ओढून घेतील.”

पोलीस स्टेशनात भर दुपारची मरगळ होती. हवालदाराने विकी टपकेवरचा तक्रारीचा कागद वाचला, तो नको म्हटल्यावर बाजूला सारला आणि मग धोंडिराम बोलू लागले. बोलता बोलता हवालदाराचा हात लिहायचा थांबला. त्याने आत जाऊन साहेबांना बोलावून आणलं. धोंडिरामांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, फोनसकट, हसण्यासकट. काही गाळलं नाही.

विकीला कळवायला हवं म्हणून ऋतिकाने मध्येच मोबाईल काढला, नंबर लावला आणि एवढंच म्हणाली, “तू चोरलं नव्हतंस. घरी ये.” पलीकडून रडण्याचा आवाज आला.

हवालदाराने नवा कागद घेतला. नाव, वय, राहणार, धंदा. धोंडिराम एकेक उत्तर देत गेले.

“मयताशी नातं?”

धोंडिरामांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. हवालदाराने वर बघितलं, पुन्हा विचारलं. ते टेबलाच्या कडेकडे बघत राहिले आणि त्यांची मान नकारार्थी हलायला लागली, आपोआप, थांबेना.

ऋतिकाने आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावली.

“वडील,” ती म्हणाली. “लिहा. वडील आहेत ते त्याचे.”